अर्जासोबतचा नमुना

जिवाच्या पाठीवर आसूड कडाडला तेव्हा चित्रे कारकून ओसरीवर बसून अर्जाचं शेवटचं पान उतरवत होता. दौत कलंडली, शाई सांडली, पान फुकट गेलं.

“नीट लिहा, चित्रे,” आगाशे साहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हात उचलला.

जव्हारच्या त्या बंगल्याच्या अंगणात खोडाळ्याची माणसं वेठीला धरून आणली होती. साहेब मुंबईच्या कॉलेजातले प्रोफेसर. डोंगरातल्या माणसांची डोकी मोजायची आणि त्यांना अक्कल किती ते ठरवायचं, हा त्यांचा शोध! त्यासाठी विलायतेच्या एका युनिव्हर्सिटीचा निधी हवा होता. तिथले दोन गोरे मुंबईत उतरले होते. अर्ज बघायचे, पसंत पडेल त्याला पैसा द्यायचा आणि बोट धरायची. जिवानं डोक्याला लावलेला लोखंडी चिमटा हिसडून फेकला, एवढाच त्याचा गुन्हा.

त्याची बायको फागी मध्ये पडली, तर तिच्याही पोटात लाथ बसली. चित्र्यानं हे सगळं पाहिलं हो, अगदी पाहिलं. पण तो उठला नाही. त्याची दोन लेकरं इथल्या हिवतापानं गेली होती आणि तिसरं त्याच्या बायकोच्या, गोदेच्या मांडीवर तापानं फणफणत होतं. निधी मिळाला की मुंबईच्या कॉलेजात नोकरी, असा साहेबांचा शब्द होता. मुंबईला डॉक्टर होते. मुंबईला पोर जगलं असतं. अशा वेळी माणूस बहिरा होतो, मग कुणी काही म्हणा.

दुपारी जिवा मेला. तोंडातून रक्ताची गुळणी आली आणि खेळ आटोपला. गाववाल्यांनी त्याला झोळीत घालून नेला. फागी रडलीसुद्धा नाही. जिवाचा थोरला भाऊ पोश्या तेवढा मागं थांबला, कारण साहेबांनी त्याला थांबवून घेतला.

“साहेब, माणूस मेला,” चित्रे कसाबसा म्हणाला.

“मेला ना? मग आता उपयोगी पडेल.” साहेबांनी अर्ज चाळला. “त्या गोऱ्यांना नुसते आकडे नकोत, नमुना हवाय. उद्या मी खोडाळ्याला जातो. पुरला असेल तर उकरू. डोकं वेठीनं पाठवतो. वर्णन लिहून ठेवलंय. तुम्ही मापं भरा आणि अर्जासोबत मुंबईला लावून द्या. मी तसाच घाट चढून सासुरवाडीला, नाशकाला जाईन.”

म्हणजे डोकं अजून खोडाळ्यात आणि त्याचा निष्कर्ष कागदावर! बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मग साहेब पोश्याकडे वळले. “राखेच्या पाण्यात उकळायचं, मांस सुटेपर्यंत. हाड फुटता कामा नये. आणि डोकं इथं पोचलं नाही, तर तुमचं गाव जाळीन. कळलं?”

“पोचल, साहेब,” पोश्या म्हणाला.

आठवड्याभरात टोपली आली. वेठीची रीतच अशी, की एका गावानं ओझं पुढच्या गावाच्या शिवेवर उतरवायचं आणि तिथून त्या गावानं उचलायचं. शेवटच्या माणसाला विचारून काय कळणार? सागाच्या पानांत गुंडाळलेली कवटी होती, पांढरीशुभ्र. चित्र्याला जिवाचे डोळे आठवले. तो परसात जाऊन ओकला, हात धुतले आणि चिमटा उचलला.

मापं काही केल्या साहेबांच्या वर्णनात बसेनात. चित्र्यानं ती थोडी इकडंतिकडं करून बसवली. पोटासाठी माणूस काय काय करतो! अर्ज आणि कवटी मुंबईला रवाना झाली.

उत्तर झटक्यात आलं. “अर्ज उत्तम. सोबतची कवटी माणसाच्या अगदी खालच्या पायरीची आहे. इतकी रानटी घडण आम्ही आजवर पाहिली नव्हती. निधी मंजूर. बोट सुटण्याआधी प्रोफेसरांनी स्वतः येऊन सही करावी, नाहीतर निधी दुसऱ्याला जाईल.”

“गोदे, पोर वाचलं गं!” चित्रे लहान मुलासारखा रडला. गोदा तापल्या पोराला छातीशी धरून ट्रंक भरायला लागली.

चित्र्यानं नाशकाला तार केली. उलट तार आली, जावई इकडे आलेच नाहीत. चित्रे तसाच खोडाळ्याला धावला.

पोश्या नागली कापत होता. फागी पेंढ्या बांधत होती. तिनं चित्र्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पेंढी आवळली.

“पोश्या, साहेब कुठं गेले रे? बोट सुटेल! माझं पोर मरेल रे!”

पोश्यानं विळा खाली ठेवला.

“जिवाला तं आम्ही तवाच जाळला, रावसाहेब. साहेब गावात आला तवा राख पण निवली व्हती. तरी म्हणं, डोकं पायजेच. नाय पोचलं तं गाव जाळीन. मंग वेठीला नाय कसं म्हणायचं?”

“अरे, पण साहेब कुठं आहेत?”

“मुंबईलाच हायेत. तुम्हीच तं धाडलेत.”