उखळात कुटलेला कोळसा

इंद्रजित सरांनी विहिरीतून काढलेला तांब्या नाकाशी नेला आणि लगेच बाजूला धरला. नितळ पाणी पिवळट झालं होतं आणि मळीचा तोच कुबट वास पुन्हा येत होता.

"भामाबाई, परवापर्यंत तर चांगलं होतं. विहिरीत काय टाकलंत?"

"कोळसा. पिंपातला, तुमचाच."

निरवांगीच्या या वस्तीवरच्या विहिरीत वरच्या अंगाच्या दारूच्या कारखान्याचं मळीचं सांडपाणी झिरपायचं. ते पिऊन भामाबाईंची पहिली नात गेली. मग बारामतीच्या कॉलेजातल्या या सरांनी कोळशाचं पिंप बसवून दिलं, आणि घर त्यातून गाळलेलं पाणी पिऊ लागलं. यंदा सांडपाणी दुसरीकडं वळवलं गेलं, वस्तीनं विहीर उपसली आणि झऱ्याला स्वच्छ पाणी आलं. ते कळल्यावरच सून रतन तान्ह्या बाळाला घेऊन माहेराहून यायला तयार झाली. आज ती येणार होती.

पाणी नितळ राहावं म्हणून उपसलेल्या विहिरीत आवळीचं लाकूड सोडायची इथली रीत. भामाबाईंना वाटलं, लाकडापरीस कोळसा बरा.

"तुमीच म्हणला व्हता, जेवढा बारीक तेवढी जास्त घाण वढतो. म्हून उखळात कुटला. पार पिठावानी केला."

"अहो, त्यानं ओढलेली सगळी घाण त्याच्याच पोटात होती. तो लांब नेऊन पुरायचा असतो."

"ह्ये न्हाय सांगितलं तुमी."

नव्हतंच सांगितलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग परत उपसू की."

"भुकटी झऱ्याच्या भेगांत गेली असणार. आता येणारं पाणी तिच्यातूनच येणार."

"कवापत्तुर?"

सरांनी तांब्या उंबऱ्याशी ठेवला.

रतनच्या भावाची जीप दारात थांबली. भामाबाईंनी लगबगीनं भाकरतुकडा घेतला, दुसऱ्या हातात तोच तांब्या घेतला. पिंप रिकामं होतं, घरात दुसरं पाणी होतंच कुठं? बाळावरून तुकडा ओवाळून टाकला आणि सुनेच्या पायावर पाणी घालायला त्या वाकल्या.

रतननं एक पाय जमिनीवर टेकवला होता. वास आला तसा तिनं तो झटकन आत घेतला आणि बाळाच्या तोंडावर पदर ओढला.

"दादा, गाडी वळव."

धुरळा खाली बसला तरी भामाबाई दारातच होत्या. हातातलं पाणी ओतायचं कुठं, तेच त्यांना कळेना.