खालची पट्टी

"महिन्याला दोन हजार," ती म्हणाली आणि गप्प बसली.

गप्प बसायचं दादानं शिकवलं होतं. तिच्या या थोरल्या भावाचं सगळं आयुष्य विक्रीत गेलेलं. आकडा सांगायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं, जो आधी बोलला तो हरला, असं त्यानं तिच्याकडून घोकून घेतलं होतं. फक्त त्याचा आकडा सहा हजार होता. दुकानाच्या जाहिरातीच्या महिन्याला बारा पोस्ट, दोन व्हिडिओ, वर लोकांच्या कमेंटना उत्तरं. "वर्षभर चार हजारांत राबलीस. आता सहाच्या खाली उतरलीस तर घरी येऊ नकोस," असा दम देऊन त्यानं तिला धाडलं होतं.

समोर मशीनवाले काका चष्मा पुसत बसले होते. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मागे राहायची खोली आणि मधे एक पडदा, एवढाच त्यांचा संसार. वर्षापूर्वी दुकानाला टाळं लावायची पाळी आली, तेव्हा त्यांनी हिला शोधून काढलं होतं. "शेवटचा उपाय करून बघतो, पोरी," म्हणाले होते.

"दोन?" काकांनी चष्मा खाली ठेवला. "अगं पोस्टवाली, लोक भाव वाढवतात आणि तू उतरवतेस होय? बरंबिरं नाही का?"

बरं कसं असणार? सकाळी नवं दरपत्रक करताना, येतेय म्हणून कळवायला तिनं काकांना फोन लावला. फोन नवा, त्यात जुने नंबर नव्हते, म्हणून पोस्टवरचाच नंबर बघून लावला. उचलला एका बाईनं. "हं, बोला, काय बिघडलंय?"

हिनं दचकून फोन ठेवला. मग वहीतला नंबर काढून ताडून पाहिला. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. चौऱ्याहत्तरच्या जागी सत्तेचाळीस! मग खऱ्या नंबरवर तिनं कसंबसं 'येतेय' एवढंच कळवलं.

दुकानाचं नाव आणि नंबर असलेली ती निळी पट्टी तिनं पहिल्या दिवशी बनवली होती, आणि नंतर प्रत्येक पोस्टच्या खाली तीच चिकटवत गेली होती. पुन्हा एकदा वाचून बघायचे कष्टही घेतले नव्हते. पहिल्या आठवड्यानंतर दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. काकांनी फोनवर पाठवलेल्या फोटोंवरच भागवलं होतं. पैसे मात्र एक तारखेला न चुकता घेतले होते. कोडगी मेली, असं तिनं स्वतःलाच म्हणून घेतलं.

आता काकांच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत होईना, म्हणून ती दुकान बघत राहिली. मांडणीवर पंधरा-सोळा मशिनी ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीला गोल, नेटक्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली. पडून असतील बिचाऱ्या, न्यायलाच कुणी आलं नसेल. काकांच्या अंगावर आज इस्त्रीचा शर्ट होता. पूर्वी त्यांच्या शर्टाला वरचं बटण कधीच नसायचं. शिलाई मशीनवाला आणि बटण नाही, म्हणजे दिव्याखाली अंधारच की, म्हणून ती त्यांना चिडवायची. "बायको जाऊन सहा वर्षं झाली, कोण लावणार?" असं ते हसून म्हणायचे. आज सगळी बटणं जागेवर होती. आपण येणार म्हणून म्हाताऱ्यानं एवढी तयारी केली, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, खरं सांगा. पोस्ट बघून तुम्हाला किती फोन आले?"

"मला?" काकांनी क्षणभर विचार केला. "मला एकही नाही."

"मग दोनसुद्धा नकोत. हे वर्ष मी फुकट करते."

"डोकं फिरलंय का तुझं? मी आठ देणार."

"आठ हजार?" दादाचा मंत्र ती साफ विसरली.

"आठ. पण एक अट आहे. फोटो बदल, मजकूर बदल, काय हवा तो गोंधळ घाल. खालच्या पट्टीला मात्र हात लावायचा नाही. फार गुणाची आहे ती."

टोमणा वर्मी बसला. म्हणजे यांना सगळं कळलंय, आणि आता गोड बोलून जखमेवर मीठ चोळतायत. चोळू देत. आपली लायकीच ती आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, तुम्ही वाटेल ते बोला, पण आठ हजार देऊन लाजवू नका. त्या पट्टीवरचा नंबर चुकलाय. मीच चुकवलाय. तुमची गिऱ्हाइकं वर्षभर भलत्याच बाईला फोन करतायत. शेवटचा उपाय म्हणून माझ्याकडे आलात आणि मी तुमच्या पैशांची माती केली."

काकांनी चष्मा उचलून पुन्हा पुसायला घेतला.

"विश्वास बसत नाही ना? थांबा, लावूनच दाखवते."

"लाव की," काका म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवून आरामात मागे टेकले.

तिनं पोस्ट उघडली आणि पट्टीवर बघून एकेक आकडा दाबला. शेवटी चार आणि सात.

पडद्यामागच्या खोलीत फोन वाजू लागला, आणि पाठोपाठ सकाळचाच तो आवाज आला.

"अहो, ऐकलंत का? माझे हात साबणाचे आहेत. तेवढा फोन घ्या ना, गिऱ्हाईक असेल!"