न जुळणारे ओठ

ओठ काही जुळेनात.

नवव्यांदा पडद्यावरचं चित्र थांबलं आणि काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने मान हलवली. आवाज हुबेहूब होता, खोकलासुद्धा म्हाताऱ्याचाच. पण शेवटच्या शब्दाला तोंड एकीकडे आणि बोल दुसरीकडे. नकल्याने हेडफोन सारखा केला आणि हातातला कागद पुन्हा वाचला. वाक्य जेमतेम तीन शब्दांचं होतं. हाकलून दिलेल्या मुलाच्या दारात उभा राहून बाप म्हणतो, "चुकलं माझं, दिनू."

पडद्यावरचा बाप त्याचा स्वतःचा बाप होता. नाटकात राजा, सिनेमात खुनी, मैफलीत गवई. पेटी धरली तर पेटी बोलायची, व्हायोलिन धरलं तर व्हायोलिन रडायचं. हा त्याचा शेवटचा सिनेमा. चित्रीकरणाच्या दिवशी जनरेटरच्या घरघरीत सगळा आवाज वाया गेला होता, आणि तो पुन्हा भरायच्या आत म्हातारा गेला. त्याला सात महिने झाले होते. मग बापाच्या आवाजासाठी मुलाला बोलावणं आलं. दुसरं कोण काढणार तो आवाज? एकोणीस वर्षं समारंभांतून त्याच आवाजावर तर नकल्याचं पोट चाललं होतं.

पहिल्या कार्यक्रमाला बाप पहिल्या रांगेत बसला होता. लोक हसून हसून लोळत होते. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला की माझा गळा विकून खातोस, खा. त्यानंतर जेवणाचं ताट समोर असो की दवाखान्याची खाट, त्याने मुलाचं नाव तोंडातून काढलं नाही. काही हवं असलं तर "अहो" म्हणायचा, परक्याला म्हणावं तसं.

दिग्दर्शिका आत आली. दिनू म्हणताना ओठ मिटत नाहीत आणि इथे तर दोनदा मिटताहेत, ती म्हणाली. चित्रीकरणाच्या दिवशी तिने दुसरा टेक मागितला होता, पण म्हाताऱ्याने दिला नाही. लिहिलेल्या शब्दात कानामात्रेचा फरक न करणारा माणूस, पण त्या दिवशी काहीतरी भलतंच बोलला आणि खुर्चीत जाऊन बसला. "डबिंगमध्ये बघून घेईन म्हणाले. आता काय करायचं, दादा? हा शॉट काढते आणि पाठमोरा टाकते."

"एकदा आवाज बंद करून दाखवा," नकल्या म्हणाला.

मुकं चित्र चालू झालं. चुकलं. माझं. मग ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. नकल्याने स्वतःचे ओठ तसेच मिटून उघडून पाहिले. पाळण्यात असल्यापासून तो बापाची प्रत्येक तान जशीच्या तशी परत म्हणायचा. बाप पेटीवर सूर धरायचा आणि हा खालून तोच सूर धरायचा. म्हणून बापाने त्याला नाव ठेवलं होतं, पोपटा. त्या नावाने एकट्या बापानेच हाक मारायची, दुसऱ्या कोणी नाही. एकोणीस वर्षांत ते नाव घरातून उडून गेलं होतं.

त्याने चित्र पुन्हा दाखवायला सांगितलं, मग आणखी एकदा. पण मनी वसे ते पडद्यावर दिसे, हे त्याला का ठाऊक नव्हतं? मुके ओठ म्हणजे रिकामी ओंजळ. जो शब्द ओताल तो मावतो. हा तर त्याचा धंदाच होता. आणि विचारणार कोणाला? सांगणारा तोंड मिटून गेला होता.

शॉट मात्र जाऊ द्यायचा नव्हता. पाठमोरा बाप त्याने घरात भरपूर पाहिला होता.

"'माफ कर' बसेल तिथे," तो म्हणाला. "नाव नको. नुसतं माफ कर."

एका टेकमध्ये ओठ जुळले. दिग्दर्शिकेने डोळे पुसले. बाप काय बोलला असेल ते कोणालाच कळणार नाही याची सोय त्याने बापाच्याच आवाजात करून टाकली होती.

सिनेमा लागला त्या दुपारी तो आईला घेऊन गेला. तिचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती माणसांच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायची. सिनेमात आवाज नसला तरी तिचं काही अडत नसे. ह्यांचं तोंड वाचण्यातच माझा जन्म गेला, ती म्हणायची, बोलायचे कुठे सरळ.

दाराचा प्रसंग आला. सभागृह गच्च भरलेलं होतं. नकल्याने मान खाली घातली. स्वतःचीच नक्कल त्याला ऐकवेना. "चुकलं माझं, माफ कर." आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज आले. मागे कोणीतरी हुंदका दिला.

तेवढ्यात आईने त्याचा हात घट्ट धरला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्याने बोलली आणि सगळी रांग वळून बघू लागली.

"अरे, पोपटा म्हणाले बघ तुला. किती वर्षांनी." तिचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. मग तिने त्याच्याकडे वळून लहान मुलीसारखं विचारलं, "आवाज कसा होता रे त्यांचा? रागाचा होता की मायेचा?"

त्याने आपला चेहरा पडद्याच्या उजेडात धरला आणि तिला वाचता येईल असे, सावकाश, ओठ हलवले.

"मायेचा, आई."