मंद वाऱ्याचं शीड

पंचशीलानं कापडाचे दोन्ही नमुने गच्चीवरच्या दोरीला चिमटे लावून टांगले आणि ती बाजूला झाली. नांदेडात दिवसभर पान हललं नव्हतं. ऊन उतरल्यावर आत्ता कुठं जराशी झुळूक सुटली होती.

जाड पांढरा तुकडा तसाच लोंबत राहिला. पातळ नायलॉनचा मात्र हळूच फुगला.

“बघ!” तिचा नवरा आनंदराज हरखला. “मंद वाऱ्यात जाड शीड आपल्याच वजनानं पडून राहतं. बोट जागची हलत न्हाई. हे नुसत्या झुळकीवर भरतं.”



त्याची उमेदीची सगळी वर्षं नौदलात गेली होती. मुलाचा, आदर्शचा जन्म, त्याची शाळा, लोह्याला सासऱ्यांचं शेवटचं दुखणं, सगळं तिनं एकटीनं निभावलं. तो निवृत्त होऊन घरी आला तेव्हा तिला वाटलं, आता तरी घरात दोघं असू. आणि यानं मालवणला एक जुनी शिडाची बोट घेतली. थंडीत किनाऱ्याकिनाऱ्यानं कारवारपर्यंत जायचं म्हणाला. किती दिवसांनी परत येणार, हे तिनं विचारलं नाही. तो प्रश्न विचारायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

“घ्या मग पातळच,” ती म्हणाली. “मला काय कळतं त्यातलं?”

त्यानं गोव्याच्या शिडं शिवणाऱ्या कारागिराला फोन लावला आणि स्पीकर चालू करून कठड्यावर ठेवला. ती चिमटे काढू लागली.

“पातळ शीड बरंच मोठं करावं लागतं, साहेब,” पलीकडून आवाज आला. “ते एकट्याला आवरत नाही. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं दोर. तुम्ही एकटे जाणार, तर जाडच बरं.”

आनंदराजनं पंचशीलाकडं पाहिलं नाही. नायलॉनचं टोक तो बोटांत चुरगाळत राहिला.

“एकटा न्हाई. दोघं जाणार आहोत.”

तिचा हात चिमट्यावरच थांबला.

“पण वारा वाढला, तर हे शीड चालणार नाही, साहेब,” कारागीर म्हणाला.

“वाढला तर बंदरातच थांबू. घाई कुणाला हाय? जास्त हेलकावे बसले की बायकोला बोट लागते.” तो घुटमळला. “तिला अजून विचारलं न्हाई मी. धीरच होईना.”

कारागिरानं हळूच विचारलं, “रंग कुठला घालू?”

पंचशीला कठड्यापाशी आली आणि फोनवर वाकली.

“पिवळा घाला, दादा. आणि दोर जरा मऊ बघा. माझ्या हाताला सवय न्हाई.”