मुक्याची गल्ली

“हसू नका हो!” शिवणकामवाल्या मावशींनी कात्री मशीनवर आपटली. “तुमची होते चेष्टा आणि माझ्या पोरीचं जुळत आलेलं लग्न मोडायची वेळ आलीय.”

नावच तसं. मुक्याची गल्ली. आता मुका म्हणजे न बोलणारा माणूस आणि मुका म्हणजे गालावरचाही. पत्ता ऐकून मुलाकडचे फोनवरच फिदीफिदी हसले होते. मुलाच्या आईने तर, “असल्या गल्लीतली मुलगी?” असं तोंडावर विचारलं होतं. आज संध्याकाळी ती मंडळी घर बघायला येणार होती. मावशींनी मग दारोदार फिरून सगळ्यांना राजी केलं. कोपऱ्यावरची पुसट पाटी नव्याने रंगवायची आणि नावाखाली दोन ओळींत गल्लीचा इतिहास लिहायचा. म्हणजे कुणाला शंकाच नको.

पेंटर शोधावाही लागला नाही. पाटी रंगवायचीय असं कळलं, म्हणत तो आपणहून आला. पस्तिशीचा, मोजकं बोलणारा. मावशींच्या दारासमोरच शिडी लावून त्याने जुना रंग खरवडायला घेतला.

“इतिहास सांगा,” तो वरूनच म्हणाला.

मावशी खुलल्या. “फार पूर्वी इथे एक मुका शिंपी राहायचा. देवमाणूस हो! एकदा आग लागली. बिचाऱ्याला ओरडता येईना, तर थाळी बडवत घरोघर पळाला. अख्खी गल्ली वाचवली. तेव्हापासून आम्ही एकमेकांसाठी असे धावून जातो बघा. भिंती तरी केवढ्याशा! पलीकडे कुणाला उचकी लागली तर इकडून पाणी द्यावं.”

“छान. आणि ते टोकाचं घर? कुलूप दिसतंय.”

“ते होय?” मावशींनी सुईत दोरा ओवायला घेतला. तो जाईना. “तिथली सून जिन्यावरून पडून गेली. पाय घसरला म्हणे. त्याला झाली की वीसेक वर्षं.”

“कुणी काही ऐकलं नाही?”

“झोपेत कुणाला काय कळतंय? पोलिसांनी प्रत्येक दारात विचारलं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.”

ती पोर मावशींकडूनच कपडे शिवून घ्यायची. भर उन्हाळ्यातही लांब बाह्या लाव म्हणायची. माप घेताना दंडावरचे काळेनिळे डाग दिसायचे. मावशींना ते एकदम आठवलं. आजच्या दिवशी कशाला ही आठवण, मेली!

“तुम्ही इकडचे दिसत नाही,” त्यांनी विषय बदलला.

“एकदाच आलो होतो. लहान होतो तेव्हा.” त्याने ब्रश रंगात बुडवला. “मुलगी कुठे देताय?”

“लांब, दुसऱ्या गावी. पण घर काय आहे म्हणून सांगू! दगडी, हातभर जाड भिंती. आतला आवाज बाहेर जायचा नाही.”

पेंटर वळून त्यांच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा कामाला लागला.

ऊन उतरलं तसा तो खाली आला आणि त्याने शिडी बाजूला केली. सगळी गल्ली पाटीखाली जमली. टपोरी, सुबक अक्षरं. खालच्या दोन ओळींची जागा मात्र कोरीच होती. मावशींनी चष्मा लावून बोटाने एकेक अक्षर वाचलं.

“अहो, हे काय केलंत? एक टिंब जास्त पडलं! ‘मुक्यांची’ झालं हे!”

“वा वा!” किराणावाल्याने टाळी दिली. “आता एका मुक्यावर भागत नाही, मुकेच मुके!”

हशा पिकला. कोपऱ्यावर मुलाकडच्यांची गाडी येऊन थांबली.

“पुसा हो ते लवकर,” मावशी रडकुंडीला आल्या. “आणि इतिहास? तो कुठाय?”

“टिंबातच आला की सगळा,” ब्रश पुसत पेंटर म्हणाला. “टोकाच्या घरातली ती माझी ताई.”