कडू घास

शेवंताबाईंना अग्नी देऊन सगळे घरी परतले. चूल बंद, म्हणून रिवाजाप्रमाणे शेजारच्या हौसाकाकूंनी पिठलं-भात आणला आणि पहिला कडू घास भुजंगरावांना भरवला. तो घशाखाली उतरेना.

भुजंगरावांच्या अन्ननलिकेतली गाठ कापता येण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी रेडिएशन दिलं आणि दुर्बिणीतून आत जाळी बसवली. ठसका लागू नये म्हणून ती जाळी नोंदवलेल्या आवाजात "घ्या" ऐकलं तरच उघडायची. तो आवाज शेवंताबाईंचा होता.

मुलगी कुंदाने जाळीच्या कंपनीला फोन लावला.

"आवाज बदलता येईल, मॅडम. फक्त आधीच्या व्यक्तीने स्वतः बोलून परवानगी द्यायची."

"अहो, आईला आत्ताच पोचवून आलोय!"

"नियम आहे, मॅडम."

भुजंगरावांनी घास तळहातावर काढला.

"मग स्मशानात या," कुंदा किंचाळली, "आणि तिच्या राखेला बोलतं करा!"