उन्हाच्या खुणा

थंडी पडू लागली की लतिका आतल्या आत मिटत जायची. "रोज उन्हात बसवा यांना," डॉक्टर म्हणाले, तेव्हा गेल्या हिवाळ्यात सुधीरने गुडगावच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत फरशीवर रंगाने खुणाच करून दिल्या. दहा, अकरा, बारा, एक. ऊन सरकेल तशी हिने खुर्ची सरकवायची. तो पहाटेच्या अंधारात मानेसरच्या कंपनीची बस पकडायचा आणि परतायचा तोही अंधार पडल्यावर. यंदा तर रविवारचीही ड्यूटी लागलेली. पण बूट काढता काढता विचारायचा, "बसलीस ना उन्हात?"

"बसले."

एके दिवशी कारखाना लवकर सुटला आणि तो भर दुपारी घरी आला. आभाळ लख्ख होतं. लतिका शाल घट्ट लपेटून बाराच्या खुणेवर बसली होती. समोर यंदा उभ्या राहिलेल्या चौदा मजली टॉवरच्या सावलीत अख्खी बाल्कनी गारठली होती.

"अगं, ऊन कुठाय इथे?"

"दिवाळीनंतर आलंच नाही. पण तुम्ही रोज विचारता ना, म्हणून बसते," ती म्हणाली आणि घड्याळ बघून तिने खुर्ची एकच्या खुणेवर सरकवली.